सोन्यावर थायोलचा थर आपोआप कसा बसतो आणि शिस्तीत कसा येतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी प्रोजेक्टवाले, पीएचडीच्या पहिल्या वर्षातले, आणि कधी कधी नुसतंच कुतूहल म्हणून विचारणारे, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, सोन्यावरचे अल्केनथायोल (कार्बनची चेन आणि एका टोकाला सल्फर असलेले रेणू, थोडक्यात थायोल), कारण या विषयात सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं हेच आहे आणि हे नीट समजलं की बाकीचं सोपं जातं.

सॅम सॅम म्हणतात ते नेमकं काय असतं?

सेल्फ असेंबल्ड मोनोलेयर. एका रेणूच्या जाडीचा थर, जो आपण लावत नाही, थायोलच्या द्रावणात सोनं बुडवून ठेवलं की आपला आपण बसतो. रेणूचे तीन भाग धरा: खाली सल्फर, जो धातूला पकडतो, मध्ये कार्बनची चेन, आणि वर टोक, जे बाहेरच्या जगाला दिसतं. हेक्साडेकेनथायोल घेतलं, म्हणजे १६ कार्बनची चेन, तर सगळा थर जेमतेम २ नॅनोमीटर जाडीचा. पण टोकाला मिथाइल असेल तर त्यावर पाण्याचा थेंब ११० अंशांच्या आसपास कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) करून गोल उभा राहतो आणि टोकाला ओएच असेल तर तेच पाणी सपाट पसरतं. सोनं तेच, चेन तीच, फक्त शेवटचा गट बदलला आणि पृष्ठभागाचा स्वभाव पूर्ण उलटा झाला. मला तरी या विषयाची गोडी इथूनच लागली.

सोनंच का लागतं, दुसरा स्वस्त धातू चालत नाही का?

चालतो, पुढे लिहिलंय. पण सोन्याचा मोठा फायदा म्हणजे साध्या हवेत त्यावर ऑक्साइड बसत नाही, त्यामुळे बीकरमध्ये, टेबलावर, व्हॅक्यूम चेंबर नसताना काम होतं. हवेतली घाण, म्हणजे तरंगणारे हायड्रोकार्बन, सोन्यावर थोड्याच वेळात बसतात हे खरं, पण थायोल त्यांना ढकलून स्वतः जागा घेतो, कारण सल्फर आणि सोन्याची जोडी साधारण ४० ते ५० किलोकॅलरी प्रति मोल इतकी घट्ट असते आणि ती घाण नुसती टेकलेली असते.

"आपोआप" म्हणजे? ओळीत लावतं कोण?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर बरेच जण अर्धंच देतात. ते म्हणतात सल्फर घट्ट पकडतो म्हणून थर बनतो. थर बनतो हे बरोबर, पण नुसत्या घट्ट पकडीने शिस्त येत नाही. उलट रेणू जिथे पडला तिथेच कायमचा चिकटला तर सगळा गोंधळ जसाच्या तसा गोठून राहील. सोन्यावर होतं असं की सल्फर सुटून जात नाही इतका घट्ट असतो, पण बाजूला सरकता येणार नाही इतका घट्ट नसतो, रूम टेम्परेचरलाही तो पृष्ठभागावर हिंडतो आणि सुरुवातीच्या काळात द्रावणातल्या रेणूंबरोबर अदलाबदलही करतो. त्यामुळे चुकीच्या जागी बसलेल्याला उठून पुन्हा नीट बसायची संधी मिळते, आणि शेजारच्या चेन एकमेकींना हलकंसं ओढत असतात (व्हॅन डर वाल्सचं आकर्षण, प्रत्येक सीएच-टू मागे जेमतेम १ ते २ किलोकॅलरी), म्हणून जी मांडणी सगळ्यात दाट ती सगळ्यात फायद्याची ठरते. शिस्त येते ती या दुरुस्तीतून. बाकी सगळी उत्तरं या एका गोष्टीला धरूनच वाचा.

थर एकदम उभाच बनतो का? पायऱ्या असतात का?

पायऱ्या असतात आणि त्या डोळ्यांनी, म्हणजे एसटीएमने (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, जो पृष्ठभागावरचे अणू-रेणू दाखवतो), बघितल्या गेल्यात. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मोजमाप संस्थेत पॉइरियर आणि पायलंट यांनी व्हॅक्यूममध्ये सोन्यावर थायोलची वाफ थोडी थोडी सोडत फोटो घेत नेले. आधी रेणू विरळ असतात आणि नुसते पृष्ठभागावर फिरत असतात, फोटोत काही ठरावीक दिसत नाही. मग ते आडवे झोपतात, सल्फरसमोर सल्फर असे, आणि त्याचे पट्टे दिसायला लागतात, डेकेनथायोलसाठी (१० कार्बनची चेन) दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण ३.३ नॅनोमीटर, जे दोन आडव्या रेणूंच्या लांबीशी जुळतं. ही सुद्धा एक शिस्तच आहे, फक्त आडवी. पट्ट्यांनी सगळी जागा भरली की आणखी येणाऱ्याला जागाच उरत नाही, आणि तेव्हा मग काही ठिकाणी, बहुतेक पट्ट्यांच्या हद्दीवर, रेणू उभे राहायला लागतात, उभ्यांची बेटं तयार होतात आणि ती वाढत वाढत आडव्यांना खात जातात. जनरल डब्यात बाकावर आडवे झालेले लोक पुढच्या स्टेशनला गर्दी चढली की उठून बसतात, तसंच, त्यांना कुणी सांगायला लागत नाही, गर्दीच उठवते.

द्रावणात हे सगळं फार पटकन होतं. १ मिलिमोलरमध्ये काही मिनिटांतच बहुतेक जागा भरते. मग लोक विचारतात, रात्रभर का ठेवायचं? कारण भरणं वेगळं आणि नीट लागणं वेगळं. पहिल्या काही मिनिटांत जाडी आणि कॉन्टॅक्ट अँगल जवळपास शेवटच्या आकड्यावर येतात पण चेनमधल्या वाकड्या जागा सरळ व्हायला, छोटी डोमेन (एकसारखी मांडणी असलेले तुकडे) एकमेकांत मिसळायला आणि उरलेल्या फटी बुजायला तास लागतात. म्हणून १२ ते २४ तासांचा रिवाज पडलाय. घाई असेल आणि काम नुसतं पृष्ठभाग झाकण्याचं असेल तर एक तासही पुरतो, पण शिस्त मोजायची असेल तर रात्रभर ठेवाच.

रेणू सरळ उभे न राहता तिरके का असतात? ३० अंशच का?

याचं उत्तर शाळेच्या भूमितीने निघतं, आणि ते इतकं छान जुळतं की मी प्रत्येकाला कागदावर करायला लावतो.

सोन्याचा १११ पृष्ठभाग घ्या, म्हणजे ज्यावर अणू सगळ्यात दाट षटकोनी मांडणीत बसलेले असतात तो. दोन शेजारच्या अणूंमधलं अंतर २.८८ अँगस्ट्रॉम. थायोल त्यावर रूट तीन बाय रूट तीन, ३० अंश फिरवलेल्या जाळीत बसतात, म्हणजे सल्फर ते सल्फर अंतर २.८८ गुणिले १.७३, साधारण ५ अँगस्ट्रॉम. सोन्याच्या दर तीन पृष्ठ-अणूंमागे एक थायोल. एका रेणूच्या वाट्याला जागा येते २१.६ चौरस अँगस्ट्रॉम. आता सरळ ताणलेल्या चेनला लागणारी जागा किती, तर साधारण १८.४. म्हणजे रेणू काटकोनात उभे राहिले तर शेजाऱ्यांमध्ये मोकळी जागा उरते, आकर्षण वाया जातं. सल्फर तर सरकून जवळ येऊ शकत नाहीत, सोन्याने त्यांची जागा ठरवून टाकलीय. मग चेनच सगळ्या एका बाजूला कलतात, कललं की त्यांच्यामधलं लंब अंतर कमी होतं. २१.६ ला ३० अंशांच्या कोसाइनने गुणा, १८.७ येतं. जुळलं.

चांदीवर सल्फर एकमेकांच्या आणखी जवळ बसतात, त्यामुळे तिथे चेनला कलायची फारशी गरज पडत नाही, टिल्ट १० ते १२ अंशांच्या आसपास येतो. तांब्यावरही साधारण तसाच.

या मूळ जाळीवर आणखी एक मोठी जाळी असते, सी चार बाय दोन, ज्यात सगळे रेणू अगदी एकसारखे नसतात, शेजारच्यांच्या चेन थोड्या वेगळ्या दिशेने वळलेल्या असतात. पहिल्यांदा शिकताना हे बाजूला ठेवलं तरी चालेल.

एसटीएमच्या फोटोत काळे काळे खड्डे दिसतात. थर खराब झाला का?

नाही! हा प्रश्न हमखास येतो आणि घाबरून सॅम्पल टाकून देणारे लोक आहेत. सुरुवातीला संशोधकांनाही वाटलं होतं की ही थरातली भोकं आहेत. नंतर खोली मोजली तर ती २.४ अँगस्ट्रॉम निघाली, बरोबर सोन्याच्या एका अणूच्या पायरीइतकी, आणि खड्ड्याच्या तळाशीही थायोल नीट बसलेले दिसले. म्हणजे खड्डा सोन्यात आहे, थर वरून खालून अखंड आहे.

हे खड्डे येतात कुठून ते बघा. उघड्या सोन्याच्या १११ पृष्ठभागावर अणू नेहमीपेक्षा जास्त दाटीने बसलेले असतात, २२ जागांमध्ये २३ अणू, आणि त्यामुळे त्यावर हेरिंगबोनची नागमोडी नक्षी दिसते. थायोल बसला की ही दाटी मोडते आणि जास्तीचे अणू बाहेर येतात. शिवाय २००६ मध्ये मिथाइलथायोलेटवर (एकाच कार्बनचा थायोल, सल्फरवरचा हायड्रोजन गेल्यावर उरतो तो) झालेल्या एसटीएमच्या कामातून दिसलं की सल्फर नुसता सपाट सोन्यावर बसत नाही, तो वर आलेल्या एका सोन्याच्या अणूला धरतो, दोन थायोलेट आणि मध्ये एक सोन्याचा अणू असा पूल. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ सोन्याच्या अणूंच्या कणाची क्रिस्टल रचना सोडवली, त्याच्या अंगावरही सल्फर-सोनं-सल्फर हीच जोडणी निघाली. या पुलांसाठी लागणारे अणू पृष्ठभागातून उचलले जातात आणि मागे खड्डा राहतो.

म्हणजे पुस्तकात काढतात तसं सोनं ही मुकाट पडलेली फरशी नाहीये. रेणू शिस्तीत येताना धातूचे अणूही हलतात, उठतात, जागा बदलतात. ७०-८० अंश सेल्सिअसला थोडा वेळ गरम केलं तर छोटे खड्डे मिटत जातात, मोठे आणखी मोठे होतात आणि डोमेनही वाढतात. फार तापवलं तर मात्र थायोल उडून जायला लागतो.

चेन किती कार्बनची घ्यावी?

साधारण १० कार्बनच्या खाली गेलात तर चेनमधलं आकर्षण कमी पडतं आणि थर आतून द्रवासारखा ढिला राहतो. १२, १६, १८ हे नेहमीचे. १६ वाला हाताळायला सोपा. अगदी छोट्या थायोलचा वास असह्य असतो, गॅस सिलेंडरला गळती कळावी म्हणून जो वास घालतात तो इथाइल मरकॅप्टनचा, म्हणजे याच घराण्यातला. लांब चेनचा वास बराच सौम्य. तरी हुडमध्येच (वाफ बाहेर ओढणारं कपाट) काम करा आणि काचसामान पातळ ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, वास जातो.

प्रत्यक्ष करायचं कसं? आमच्या लॅबमध्ये होईल का?

होईल. काचेवर किंवा सिलिकॉनवर आधी काही नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम, कारण सोनं काचेला नीट धरत नाही, आणि त्यावर ५० ते २०० नॅनोमीटर सोनं. चांगली मोठी सपाट डोमेन हवी असतील तर अभ्रकावर सोनं चढवतात. मग १ मिलिमोलर द्रावण, २० मिली इथेनॉलमध्ये हेक्साडेकेनथायोलचे साधारण ६ मायक्रोलिटर, झालं. स्लाइड आत, झाकण लावा, रात्रभर. सकाळी काढून इथेनॉलने भरपूर धुवा आणि नायट्रोजनने वाळवा. शेवटी पाण्याची धार सोडून बघा, थर चांगला असेल तर पाणी स्लाइडवर थांबतच नाही, एक थेंब न ठेवता सरकन निघून जातं आणि जिथे चिमट्याने धरलं होतं त्या ओरखड्यावरच नेमकं चिकटून राहतं. ते बघायला मला आजही आवडतं.

आता स्वच्छतेबद्दल, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. हिशोब करा. एका चौरस सेंटिमीटरवर पूर्ण थराला लागतात साधारण ४.६ गुणिले १० चा १४ वा घात इतके रेणू. तुमच्या २० मिलीमध्ये आहेत १.२ गुणिले १० चा १९ वा घात, म्हणजे गरजेच्या २५ हजार पटींहून जास्त. ऐकायला मजेशीर, पण याचा अर्थ असा की बाटलीतला थायोल ९९ टक्के शुद्ध असला तरी उरलेल्या १ टक्क्यातले रेणूही त्या पृष्ठभागाला अडीचशे वेळा झाकायला पुरेसे आहेत, आणि त्यातला एखादा सोन्याला जास्त आवडणारा निघाला, दुसरा थायोल किंवा डायसल्फाइड (दोन थायोल सल्फरने जोडून झालेला रेणू), तर तो हळूहळू आत शिरतोच. म्हणून जुनी उघडी पडलेली बाटली वापरू नका, आधी दुसऱ्या थायोलसाठी वापरलेलं भांडं वापरू नका, प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा काच बरी.

सोनं धुवायला पिरान्हा वापरू का?

शक्यतो नको. तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं हे मिश्रण सेंद्रिय पदार्थ दिसला की भडकतं, अ‍ॅसिटोनच्या जवळ गेलं तर स्फोट होऊ शकतो, आणि बंद बाटलीत भरून ठेवलं तर बाटली फुटते. यातलं काहीही अतिशयोक्ती नाही. नवं चढवलेलं सोनं असेल तर लगेच थायोलमध्ये टाका, धुण्याची गरजच नाही. जुनं असेल तर यूव्ही-ओझोनमध्ये १०-२० मिनिटं आणि मग इथेनॉलमध्ये ठेवा, ओझोनने जो सोन्याचा ऑक्साइड होतो तो इथेनॉलने जातो. एवढं पुरतं.

थर शिस्तीत आलाय हे ओळखायचं कसं? एसटीएम नाहीये आमच्याकडे.

एसटीएम नसलं तरी भागतं. सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे ग्रेझिंग अँगलवरचा एफटीआयआर, म्हणजे पृष्ठभागाला जवळपास समांतर सोडलेल्या इन्फ्रारेड (आयआर) प्रकाशाचा स्पेक्ट्रम. सीएच-टू चा असिमेट्रिक स्ट्रेच २९१८ सेमी⁻¹ च्या आसपास आला तर चेन सरळ आणि क्रिस्टलसारख्या दाट, २९२४ कडे सरकला तर आत वाकड्यातिकड्या. सहा आकड्यांचा फरक आहे फक्त, पण तेवढ्यात थराची सगळी तब्येत कळते. अजून एक, धातूवर आयआरला पृष्ठभागाशी लंब असलेलीच हालचाल दिसते, त्यामुळे पीकच्या उंचीवरून टिल्टही काढता येतो.

कॉन्टॅक्ट अँगल घेताना नुसता एकच आकडा घेऊ नका, थेंब वाढवताना आणि ओढून घेताना असे दोन्ही घ्या, दोन्हींत फरक मोठा आला तर पृष्ठभाग खडबडीत किंवा थर अर्धवट. एक्सपीएस (एक्स-रेने इलेक्ट्रॉन काढून त्यांची ऊर्जा मोजणारं यंत्र) मिळत असेल तर सल्फर बघा: १६२ इलेक्ट्रॉन व्होल्टला असेल तर सोन्याला बांधलेला, १६४ च्या जवळ असेल तर नुसता पडलेला, १६८ ला असेल तर ऑक्सिडाइझ झालेला, म्हणजे सॅम्पल शिळं. आणि पोटेन्शिओस्टॅट तर बऱ्याच कॉलेजांत असतो, फेरीसायनाइडमध्ये सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजणं) घ्या, उघड्या सोन्यावर दोन छान पीक येतात आणि चांगल्या थरावर रेषा जवळपास सपाट होते. पण हे लक्षात ठेवा की सीव्ही फटी दाखवतो, शिस्त नाही. थर अखंड असून आतून ढिला असू शकतो.

घरच्या सोन्याच्या बांगडीवर होईल? आणि चांदीवर?

थायोल बांगडीवरही बसेल, सोबत तांबं-चांदी मिसळलेली असते त्यांनाही धरेल, पाणीही ओघळेल. पण पृष्ठभाग ओबडधोबड, लहान लहान दाण्यांचा, त्यामुळे शिस्तीची लांबी फार राहणार नाही. खालची जमीन जितकी सलग सपाट तितकंच डोमेन मोठं होऊ शकतं.

चांदीचं तर यात खरोखर कामाचं उदाहरण आहे. चांदी काळी पडते ती हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे, आणि काही चांदीच्या पॉलिशमध्ये लांब चेनचा थायोल घातलेला असतो तो याचसाठी, की तो आधीच सगळी जागा अडवून बसावा. तांब्यावर गंज रोखायला हेच करून बघितलं जातं. पॅलेडियम, प्लॅटिनम, एवढंच काय द्रव पाऱ्यावरही थायोल बसतात.

थायोल नसेल तर धातूवर शिस्त येतच नाही का?

येते की. पीटीसीडीए नावाचा लाल रंगद्रव्याचा चपटा रेणू चांदीच्या १११ वर झोपून सुंदर हेरिंगबोन मांडणी करतो, थॅलोसायनिनही चौकोनी जाळीत बसतात. तिथे सल्फर नाही, पूर्ण रेणूच धातूवर टेकतो आणि शेजाऱ्यांशी हायड्रोजन बाँड किंवा नुसत्या आकाराच्या जुळणीने ओळ लागते. नियम तोच, रेणूला सरकता आलं पाहिजे. तांब्यासारख्या जास्त पकडणाऱ्या धातूवर मोठे रेणू कधी कधी पडतील तिथेच अडकतात.

हे सगळं शोधलं कुणी?

सुरुवात बरीच जुनी आहे. पाण्यावरचे एका रेणूचे थर आग्नेस पोकेल्स यांनी जर्मनीत घरच्या स्वयंपाकघरात मोजले आणि ते काम लॉर्ड रेली यांच्यामार्फत १८९१ मध्ये नेचरमध्ये छापून आलं. नंतर लँगम्युअर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी असे थर पाण्यावरून उचलून घन पृष्ठभागावर चढवले, पण ते हाताने चढवलेले. आपोआप बसणारा थर १९४६ मध्ये झिस्मन आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमवर दाखवला, तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. १९८३ मध्ये बेल लॅब्जमध्ये नुझो आणि अलारा यांनी सोन्यावर डायसल्फाइड बसवले आणि तिथून गाडी सुटली, हार्वर्डमध्ये व्हाइटसाइड्स यांच्या गटाने थायोलची पद्धत घराघरात, म्हणजे लॅबलॅबमध्ये, पोचवली. आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सॅम आणि थायोलने झाकलेल्या सोन्याच्या नॅनोकणांवर भरपूर काम झालंय.

उपयोग काय पण?

बायोसेन्सर हा मोठा. एसपीआरच्या (सरफेस प्लास्मॉन रेझोनन्स, प्रकाशाने पृष्ठभागावर काय चिकटलं ते मोजायची पद्धत) सोन्याच्या चिपवर खाली थायोलचाच थर असतो आणि त्यावर अँटिबॉडी वगैरे बांधतात. टोकाला इथिलीन ग्लायकॉलच्या छोट्या साखळ्या ठेवल्या तर प्रोटीन चिकटतच नाही. रबरी शिक्क्याने थायोल छापून नक्षी काढता येते, १९९३ ची पद्धत. हल्ली पेरोव्स्काइट सोलर सेलमध्ये सॅमची चर्चा आहे, पण ते ऑक्साइडवर बसतात आणि सल्फरच्या जागी फॉस्फोनिक अ‍ॅसिड असतं.

बनवलेला थर किती दिवस टिकतो? काढून स्लाइड परत वापरता येते का?

हवेत उघडा ठेवला तर काही दिवस ते काही आठवड्यांत सल्फर ऑक्सिडाइझ होऊन सल्फोनेट होतो आणि मग तो सोन्याला धरत नाही, धुतलं की जातो. ओझोन आणि यूव्ही हे मुख्य शत्रू, म्हणून लेझर प्रिंटर असलेल्या खोलीत सॅम्पल उघडं ठेवू नका. नायट्रोजन भरलेल्या डब्यात, अंधारात ठेवा, नाहीतर सरळ त्याच थायोलच्या द्रावणात राहू द्या आणि मोजायच्या दिवशीच बाहेर काढा, मी हेच सुचवेन.

काढायचा असेल तर अर्धा मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सोन्याला उणे १ व्होल्टच्या पलीकडे न्या, इलेक्ट्रॉन मिळाला की थायोलेट सुटतो. त्या पीकखालचा चार्ज मोजला तर किती रेणू बसले होते तेही कळतं, म्हणजे काढता काढता मोजमाप फुकट. नाहीतर यूव्ही-ओझोन आणि इथेनॉल. सोन्याचा रंग डागाळेपर्यंत किंवा खालचा क्रोमियम वर यायला लागेपर्यंत स्लाइड परत परत वापरता येते, फक्त एसटीएमसाठी नवीच घ्या.